घरात सगळ्यात लहान बोलणारं कोण?

(शिरूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी श्रोत्यांपैकी बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली होती. भाषावैज्ञानिक म्हणजे नेमकं काय करणारा माणूस? आणि ज्या भाषांवर फारसं कुणी लिहिलेलं नाही, अशा भाषांच्या मागे उभं आयुष्य घालवतात ते कशासाठी? आज त्याविषयी बोलू. उदाहरणं मात्र लांबची घ्यायची नाहीत. आम्ही ज्या दोन तालुक्यांत हिंडतो, त्या शिरूर आणि दौंडचीच घेऊ.

आधी तुम्हालाच एक प्रश्न. या दोन तालुक्यांत किती भाषा बोलल्या जातात? आम्ही हा प्रश्न शाळा-कॉलेजांत विचारतो तेव्हा उत्तर येतं, "मराठी, हिंदी आणि इंग्रजी." मग एखादा दौंडचा मुलगा हात वर करतो. दौंड पडलं रेल्वेचं गाव. सोलापूरची लाइन, मनमाडची लाइन, बारामतीचा फाटा. त्यामुळे तेलुगू, कन्नड, तमिळ बोलणारं कुणी ना कुणी त्याच्या ओळखीचं असतं. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे भोजपुरीही कानावर पडते. इतकं झालं की यादी संपते.

पण यादी तिथे संपत नाही. गावाच्या कडेला वीटभट्टी असते, तिथे गाढवांवर माती वाहणारी माणसं आहेत. रस्त्याच्या बाजूला भाता लावून कोयते, विळे शेवटून देणारी कुटुंबं आहेत. दगड फोडणारे, विहिरी खोदणारे आहेत. दिवाळी झाली की कारखान्यांच्या आणि गुऱ्हाळांच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, खोप्या उभ्या राहतात. ही सगळी माणसं आपल्याशी मराठीत बोलतात, आणि इतकी सफाईनं बोलतात की ती घरात दुसरं काही बोलत असतील असं आपल्या मनातही येत नाही. कैकाडी, वडारी, पारधी, घिसाडी, गोरमाटी या आपल्या शेजारच्या भाषा आहेत. आपण त्या रोज ओलांडून जातो.

एक पालवस्ती, चार रकाने

आता सरकारी कागद काय म्हणतात ते बघा. २०११ च्या जनगणनेत लोकांनी मातृभाषा म्हणून जी नावं सांगितली, ती होती १९,५६९. ती चाळून, एकसारखी नावं एकत्र करून १,३६९ मातृभाषा ठरवल्या. आणि शेवटी त्या १२१ भाषांच्या खाली बसवल्या. बसवल्या कशा, ते आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे. कैकाडी जाते तमिळच्या खाली. वडारी जाते तेलुगूच्या खाली. पारधी भिलीच्या खाली, आणि लमाणी, बंजारी हिंदीच्या खाली. म्हणजे ओढ्याच्या एका काठावर शेजारी-शेजारी राहणारी चार कुटुंबं कागदावर चार वेगवेगळ्या घरांत जाऊन बसतात. त्यातलं एकही घर त्यांचं नाही.

यात तथ्य अजिबात नाही असं नव्हे. कैकाडीचं नातं तमिळशी खरंच जवळचं आहे. वडारी तेलुगूतून आलेली, पारधीचं नातं गुजराती-भिलीकडे, गोरमाटीचं राजस्थानीकडे. पण नातं असणं वेगळं आणि तीच भाषा असणं वेगळं. चेन्नईचा माणूस आणि भट्टीवरची कैकाडी आजी समोरासमोर बसवली, तर काही शब्द जुळतील, पण गप्पा होणार नाहीत. तिच्या भाषेवर पिढ्यानपिढ्या मराठीचा, कानडीचा, तेलुगूचा हात फिरलेला आहे.

बरं, वर्गवारी करणारेही एकमताचे नसतात. वारलीचं उदाहरण घ्या. डॉ. अ. मा. घाटगे यांनी १९६३ पासून मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची पुस्तकं काढली. कुडाळी, महाडची कुणबी, कासरगोडची मराठी, अशी ती मालिका आहे. त्यात ठाण्याची वारली मराठीची बोली म्हणून येते. जनगणनेत तीच वारली भिलीच्या खाली मोजली जाते. बोलणारी माणसं तीच, रकाना बदलला. म्हणून नवीन येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही सांगतो, कागदावरचं नाव पाठ करू नका, आधी ऐका.

ऐकायचं म्हणजे काय करायचं

ऐकण्यालाही रीत असते. समजा, तुम्ही "दोन"ला काय म्हणता असं विचारलं आणि उत्तर "रेंडु"च्या जवळपासचं आलं. लगेच वहीत "तमिळ" लिहायचं का? नाही. तेलुगूतही दोनला "रेंडु"च म्हणतात. मग तीन विचारा. तमिळच्या बोलण्यात "मूणु", तेलुगूत "मूडु", कन्नडमध्ये "मूरु". आता थोडं उजाडायला लागलं. पण आकडे बाजारात उसने मिळतात, तेवढ्यावर विसंबायचं नाही. मग शरीराचे अवयव, नाती, सर्वनामं आणि शेवटी क्रियापदांचे प्रत्यय. शब्द माणूस सहज उचलतो. आपण टेबल घेतलं, स्टेशन घेतलं. क्रियापदाचं शेपूट मात्र सहसा कुणी उसनं घेत नाही. भाषेचं कूळ शोधायचं तर तिथे बघावं लागतं.

दुसरा आवडता प्रश्न म्हणजे "आम्ही" आणि "आपण". मराठीत "आम्ही जाऊ" म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, "आपण जाऊ" म्हटलं की तोही आत येतो. हिंदीच्या "हम"मध्ये हा भेद होत नाही. तमिळमध्ये "नांगळ" आणि "नाम" असा, तेलुगूत "मेमु" आणि "मनमु" असा तो आहे. नव्या भाषेत हा भेद आहे का, हे थेट विचारून कळत नाही. कारण बोलणाऱ्याला आपण भेद करतो हेच माहीत नसतं. प्रसंग उभा करावा लागतो. "तू तुझ्या भावाला म्हणतोयस, मला नेणार नाहीस, तर कसं म्हणशील?" असं करत एका सर्वनामासाठी अख्खी दुपार जाते.

मग ते ध्वनिमुद्रण घरी आणून परत परत ऐकायचं, ध्वनिलिपीत उतरवायचं. तासाभराचं बोलणं नीट उतरवून त्याचा अर्थ लावायला कित्येक दिवस लागतात. यातून शेवटी तीन गोष्टी तयार व्हाव्या लागतात. व्याकरण, शब्दकोश आणि त्या भाषेतल्या गोष्टी-गप्पांचा संग्रह. या तिन्ही असल्या तर पुढच्या माणसाला त्या भाषेत शिरायला दार मिळतं.

वही बघून माणसं का गप्प होतात

आता अवघड भागाकडे येऊ. वीटभट्टीवर साठीच्या एक मावशी होत्या. आम्ही गेलो, चहा झाला, विचारलं, "घरात कोणती भाषा बोलता?" त्या म्हणाल्या, "मराठीच की." दुसऱ्यांदा गेलो, तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच. चौथ्या खेपेला आम्ही पोचलो तेव्हा त्यांचं एक गाढव कच्च्या विटांच्या रांगेत शिरलं होतं. मावशी उठल्या आणि त्यांनी त्या गाढवाला जे काही सुनावलं, त्यात मराठीचं अक्षर नव्हतं. मग आमच्याकडे बघून हसल्या. म्हणाल्या, "गाढवाला मराठी कळत न्हाय, बाबा."

आम्हीही हसलो. पण परत येताना डोक्यात राहिलं ते हे, की तीन खेपा या बाईनं आपली भाषा आमच्यापासून का झाकली?

उत्तर इतिहासात आहे. १८७१ मध्ये इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. अमुक जातीत जन्मला म्हणजे जन्मजात गुन्हेगार, असं धरून माणसांच्या नोंदी झाल्या, हजेऱ्या लागल्या. कायदा रद्द झाला १९५२ मध्ये. विमुक्त दिन पाळतात तो ३१ ऑगस्ट त्याचाच. पण माणसाच्या मागे लागलेली नजर कायद्याबरोबर रद्द होत नाही. आणि त्या नजरेला माणूस ओळखू येतो कशावरून? बऱ्याचदा बोलण्यावरून. एसटीत दोन पारधी बाया आपसात त्यांच्या भाषेत बोलल्या की शेजारचा माणूस पिशवी जवळ ओढतो, हे आम्ही डोळ्यांनी बघितलंय.

भाषांच्या अभ्यासाचे हातही यातून पूर्ण स्वच्छ नाहीत. जॉर्ज ग्रिअर्सन यांचं भारतीय भाषांचं सर्वेक्षण फार मोठं काम आहे. १७९ भाषा आणि ५४४ बोली त्यांनी नोंदवल्या. शेवटचा ग्रंथ १९२८ मध्ये आला. आज आपण कैकाडीविषयी किंवा वडारीविषयी शंभर वर्षांपूर्वीचं काही सांगू शकतो ते त्यांच्यामुळे. १९०६ च्या चौथ्या खंडात या दोन्ही भाषा आहेत. पण माहिती गोळा झाली ती जिल्ह्याजिल्ह्यातल्या सरकारी अधिकाऱ्यांमार्फत. बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट प्रत्येक भाषेत सांगून घ्यायची, असा शिरस्ता होता. १९२२ च्या अकराव्या खंडात भामटी, कोल्हाटी अशा भटक्यांच्या बोली एकत्र केल्या आहेत. गुप्त शब्द कसे बनवतात, अक्षरं कशी फिरवतात, याचीही त्यात चर्चा आहे. आता विचार करा. हजेरी घेणारंही सरकार आणि गोष्ट सांगायला लावणारंही सरकार. हातात वही दोघांच्याही.

म्हणून मावशींना आमची वही आवडली नाही, यात त्यांचं काही चुकलं नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच भटक्या समाजांत पारुशी नावाचा प्रकार असतो. चारचौघांत आपसात बोलायची राखीव भाषा. ती कामाची असते, संकटात उपयोगी पडते. एका वस्तीवर विश्वास बसल्यावर म्हाताऱ्या माणसांनी आम्हाला असे बरेच शब्द सांगितले. अभ्यासक म्हणून हात शिवशिवतात हो. कुणी न छापलेली सामग्री, चांगला लेख होईल. आम्ही वस्तीतल्या लोकांबरोबर बसलो आणि विचारलं. थोरले म्हणाले, छापा, नाहीतर आमच्याबरोबर जाईल. तिशीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, ते शब्द उद्या चौकीत कुणी वाचले तर?" शेवटी ती पानं आम्ही छापली नाहीत. प्रत त्यांच्याकडे दिली आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. यात भाषाविज्ञानाचं नुकसान झालं का? झालं असेल. पण ते शब्द आमचे नव्हतेच.

हे काम कुणी केलं, आणि नोकरी कुठे असते

विद्यार्थी हा प्रश्न नेहमी हळूच विचारतात, म्हणून आम्ही मोठ्यानं सांगतो. पुणं या बाबतीत भाग्यवान आहे. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं. सु. मं. कत्रे यांच्या काळात तिथे भाषाविज्ञान रुजलं. त्यांनी स्वतः कोंकणीच्या जडणघडणीवर लिहिलं. अशोक केळकर अमेरिकेत कॉर्नेलला मराठीच्या ध्वनींवर आणि रूपांवर प्रबंध लिहून आले, आणि इथे शिकवताना त्यांनी "वैखरी"सारखं पुस्तक मराठीत लिहिलं, म्हणून आज तुमच्याशी या विषयावर मराठीत बोलता येतं. अलीकडे सोनल कुलकर्णी-जोशी यांच्या नेतृत्वाखाली, राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्यानं, मराठीच्या बोलींचं गावोगाव ध्वनिमुद्रण झालं आणि ते इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं आहे.

आणि निहाली. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव-जामोदच्या बाजूला ही भाषा बोलतात. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात ती मुंडा भाषांबरोबर ठेवलेली होती. पण निहालीत कोरकूचे शब्द आहेत, मराठीचे आहेत, द्राविडी आहेत, आणि ते सगळे काढून टाकल्यावर खाली जे उरतं ते कशाशीच जुळत नाही. डच पंडित कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. डेक्कन कॉलेजच्या के. एस. नागराज यांनी वर्षानुवर्षं तिचा पाठपुरावा केला, आणि त्यांचं पुस्तक २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानानं काढलं. दोन-अडीच हजार माणसांच्या भाषेसाठी इतका काळ. या कामाचा वेग हा असा असतो.

विद्यापीठाबाहेरूनही काम होतं. आपल्या पुणे जिल्ह्यातल्या भोरचे गणेश देवी इंग्रजीचे प्राध्यापक होते. नोकरी सोडून त्यांनी बडोद्याला "भाषा" संस्था काढली. २०१० पासून भारतीय भाषांचं लोकसर्वेक्षण केलं आणि ७८० भाषा नोंदवल्या. त्यातला महाराष्ट्राचा खंड अरुण जाखडे यांनी संपादित केला. त्यात कितीतरी नोंदी त्या-त्या समाजातल्या माणसांनी लिहिल्या. तसंच लक्ष्मण माने यांचं "उपरा". १९८० चं पुस्तक, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार. त्यातून कैकाडी शब्द पहिल्यांदा किती मराठी घरांत गेले.

नोकरीचं म्हणाल तर जागा थोड्या आहेत. प्रकल्प असतो तोवर पगार असतो. घरचे विचारतात, "कैकाडी शिकून काय मिळणार?" आम्हालाही विचारलं होतं. हे माहीत असूनच यावं.

आकड्याची एक गोम

भारत सरकारनं २०१३ मध्ये धोक्यातल्या भाषांसाठी एक योजना सुरू केली. दहा हजारांपेक्षा कमी लोक बोलतात अशा भाषांचं दस्तऐवजीकरण तिच्यात होतं. योजना चांगली आहे, निहालीसारख्या भाषेला तिचा आधार आहे. पण कैकाडी, वडारी, पारधी? जनगणनेनं नावानिशी छापल्यात, म्हणजे दहा हजारांच्या वर आहेत. वाचवण्याइतक्या लहान नाहीत, आणि शाळेत शिकवण्याइतक्या मोठ्या कुणी मानत नाही. राज्यघटनेच्या ३५०-अ कलमात अल्पसंख्य भाषक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं असं म्हटलंय. इथल्या मुलांच्या दाखल्यावर मात्र मातृभाषेपुढे "मराठी" लिहून मोकळं होतात, कारण आई-बापच तसं सांगतात.

आणि आकडा फसवा असतो. एखादी भाषा वीस हजार लोक बोलतात, पण त्यात चाळीस वर्षांखालचं कुणी नाही, तर ती आजारी आहे. दुसरी दोनच हजार लोक बोलतात, पण अंगणात पोरं त्याच भाषेत भांडतायत, तर ती ठणठणीत आहे. म्हणून आम्ही वस्तीवर गेलो की किती जण बोलतात हे नंतर विचारतो. आधी विचारतो, "घरात सगळ्यात लहान बोलणारं कोण?" बऱ्याच घरांत आता उत्तर येतं, "माझी थोरली. धाकट्याला नुसतं कळतं." एका घरात दोन भावंडांच्या मधून भाषा निघून जाते. कुणी बंदी घातलेली नसते. थोरलीला शाळेत चिडवलेलं असतं, आणि आईनं ठरवलेलं असतं की धाकट्याला ते नको.

याच शिरूर तालुक्यात, घोडकाठच्या इनामगावला, डेक्कन कॉलेजच्याच पुरातत्त्व विभागानं १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही मोठी नावं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वसाहत. घरं सापडली, धान्य सापडलं, घराच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली लहान मुलं सापडली. ते लोक काय खात होते हे सांगता येतं. पण त्या मुलाला पुरताना आई काय म्हणाली, कोणत्या भाषेत म्हणाली, हे कोणतंही मडकं सांगत नाही. बोलणं मातीत टिकत नाही. ते फक्त दुसऱ्या माणसात टिकतं.

मावशींचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. टोपल्या विणण्याचे शब्द त्यांनी आम्हाला एकेक करून दिले. कोणती काडी, कोणती गाठ, तळ कसा धरायचा. अकरावीतली त्यांची नात शेजारी बसून आमचा उच्चार सुधारत होती. एके दिवशी आम्ही ध्वनिमुद्रणाचा फोन तिच्याच हातात दिला. त्या दिवशीचं मुद्रण आमच्या सगळ्या मुद्रणांत सर्वांत चांगलं आहे. कारण आजी आमच्याशी बोलत नव्हती, नातीशी बोलत होती, आणि मराठीत भाषांतर करून सांगायला मध्ये थांबत नव्हती.

तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात अशी भाषा आहे, त्यांना एवढंच सांगणं. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. आजीला विचारा, परवानगी घ्या आणि तिला बोलू द्या. तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव तिची इच्छा असेल तर नोंदवा. काय बाहेर द्यायचं आणि काय घरात ठेवायचं, ते तुम्ही ठरवा. आणि ज्यांच्या घरात नाही, त्यांनी पुढच्या वेळी एसटीत शेजारून अनोळखी भाषा कानावर आली तर पिशवी जवळ ओढू नका. ऐका. जमलं तर विचारा, "ही कोणती भाषा, मावशी?" पहिल्यांदा उत्तर "मराठीच" येईल. चौथ्यांदा कदाचित खरं येईल.